डबा घरचा, बाक बिअरगार्टनचा

‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत’ ही पाटी आपल्या ओळखीची आहे. जर्मनीतल्या म्युनिकमध्ये मात्र उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरंच्या घरं टोपल्या भरून बिअरगार्टनमध्ये, म्हणजे बिअरच्या बागेत, येतात आणि मालक त्यांना हसतमुखाने बसू देतो. पेय तेवढं तिथलं घ्यायचं. जेवण घरचं चालतं.

लांबलचक लाकडी टेबल, दोन्ही बाजूंना बाकं, डोक्यावर चेस्टनटची गर्द सावली. टोपलीतून चौकटीचं कापड निघतं, लाकडी पाट निघतो, सुरी निघते. लांब पांढरा मुळा मळसूत्रासारखा सलग चिरून त्याला मीठ लावतात आणि पाणी सुटेपर्यंत तसाच ठेवतात. सोबत ब्रेत्सेल हा गाठीचा पाव आणि ‘ओबात्झ्दा’ असतो. मऊ झालेलं कामांबेर चीज, लोणी, कांदा आणि पाप्रिका एकत्र कुस्करून तो करतात. ‘ओबात्झ्दा’ म्हणजे आपल्या भाषेत सरळ ‘कालवलेलं’. बाकावर जागा असेल तर अनोळखी माणूसही विचारून शेजारी बसतो.

या रिवाजाच्या मुळाशी आहे आगीची भीती. उन्हाळ्यात बिअरच्या भट्ट्या पेटवल्या की आग लागण्याचा धोका असे. शिवाय तळाशी बसणारं यीस्ट वापरून केलेल्या बिअरला आंबताना थंडावा लागतो. म्हणून १५३९ च्या नियमाने बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्यात येतं त्या प्रांतात, बिअर बनवण्याचा हंगाम २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढाच ठरला. उन्हाळ्याची बेगमी मार्चमध्येच करून ठेवावी लागे.

ती टिकवायची कुठे? इझार नदीच्या उंच काठांवर तळघरं खोदली गेली आणि हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ तोडून त्यांत भरला गेला. वरची जमीन तापू नये म्हणून तिच्यावर खडी पसरली, चेस्टनटची झाडं लावली. या झाडाची पानं रुंद, सावली दाट. मुळं मात्र उथळ, त्यामुळे तळघराच्या कमानींना धक्का लागत नाही. आज जी सावली अंगावर घेत लोक जेवतात, ती मुळात पिंपांसाठी होती.

थंडगार बिअर जिथे साठवलेली, तिथेच ती पिणं म्युनिककरांना आवडू लागलं. लोक शहराबाहेर चालत जात आणि झाडाखाली बसत. शहरातल्या खाणावळवाल्यांची गिऱ्हाइकं पळाली, तशी त्यांनी तक्रार केली. बव्हेरियाचा राजा मॅक्सिमिलियन पहिला जोसेफ याने ४ जानेवारी १८१२ रोजी तोड काढली: बिअरवाल्यांनी जून ते सप्टेंबर आपल्या तळघरापाशी स्वतःची बिअर विकावी, सोबत पाव द्यावा, दुसरं काहीही खायला देऊ नये.

पोटाला तर हवंच. मग लोक शिदोरी बांधून येऊ लागले. खाणावळींचा धंदा वाचवायला घातलेली बंदी घरच्या डब्याला मान देऊन गेली.

पुढे १८७० च्या दशकात कार्ल फोन लिंडे याने म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यात आपलं शीतयंत्र चालवून दाखवलं आणि बर्फाच्या तळघरांची गरज हळूहळू सरली. खाण्यावरची बंदीही उठली; आता तिथे काडीवर भाजलेला मासा आणि भाजलेली कोंबडी मिळते. तरी झाडं राहिली, खडी राहिली, डबाही राहिला. ‘केलर’ म्हणजे तळघर हा शब्द आउगुस्टिनर केलरसारख्या नावांत टिकून आहे. उत्तर बव्हेरियातल्या फ्रँकोनियात तर लोक आजही ‘तळघरावर जाऊ या’ असंच म्हणतात.

या रिवाजासाठी म्युनिककर रस्त्यावरही उतरले आहेत. शेजाऱ्यांनी गोंगाटाची तक्रार केल्यावर शहरालगतच्या एका बिअरगार्टनला रात्री साडेनऊला बंद करण्याचा आदेश मिळाला. १२ मे १९९५ रोजी सुमारे २५,००० लोक निषेधासाठी म्युनिकमध्ये जमले. सरकारने लगोलग काढलेला अध्यादेश न्यायालयात टिकला नाही, म्हणून २० एप्रिल १९९९ ला नवा आला. बिअरगार्टन कशाला म्हणावं, हे सांगताना त्यात दोन खुणा धरल्या आहेत: बागेचं रूप आणि स्वतः आणलेलं अन्न पैसे न मोजता खाण्याची मुभा. संगीत दहापर्यंत, पेयं साडेदहापर्यंत आणि अकराला बाग बंद.

कुटुंबासह म्युनिकला गेलात तर टेबलांकडे नीट बघा. ज्यावर कापड अंथरलेलं आहे तिथे वाढपी येतो आणि जेवणही तिथलंच घ्यायचं असतं. बिनकापडाचं टेबल गाठा, पेय काउंटरवरून आणा आणि थालीपिठांचा डबा खुशाल उघडा.