तांब्यावर उतरलेलं वेरूळ

इमारत आणि निसर्ग एकाच चित्रात बसवण्याचा अठराव्या शतकातल्या युरोपीय चित्रकारांचा एक ठरलेला साचा होता. पुढे सावलीतलं झाड, मध्यभागी उजेडात देऊळ किंवा पडका वाडा, मागे फिकट होत गेलेले डोंगर. वाकड्यातिकड्या फांद्यांशेजारी खांबांच्या सरळ रेघा उठून दिसत. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ ते १७९३ या काळात हिंदुस्थानात हिंडले ते हीच नजर घेऊन. त्यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’तल्या १४४ चित्रांत हा साचा वारंवार भेटतो.

वेरूळपुढे मात्र तो अपुरा पडला. कैलास लेणं डोंगरापुढे बांधलेलं नाही. डोंगरच माथ्यापासून खाली कोरत आणून ते घडवलं आहे. आठव्या शतकातला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावाशी ते जोडलं जातं. मागचा कडा सुमारे ३० मीटर उंच. कोरलेला दगड आणि न कोरलेला दगड एकाच जातीचा, एकाच रंगाचा. मग दोन्ही वेगळे दाखवायचे कशाने?

वेरूळची चित्रं काढली जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने. तो १७९१ मध्ये मुंबईत आला आणि पुढे पुण्यात पेशव्यांच्या दरबारात रमला. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथे गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार वेल्सला मिळाला. वेल्स १७९५ मध्ये वेरूळला गेला आणि त्याच वर्षी वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली केलेली २४ छापचित्रं १८०३ मध्ये लंडनला निघाली.

छापण्याची पद्धत होती ॲक्वाटिंट. आधी तांब्याच्या पत्र्यावर बाह्यरेषा सुईने काढून आम्लाने कोरायच्या. मग राळेची बारीक भुकटी पत्र्यावर पसरून तो तापवायचा. कण चिकटले की पत्रा आम्लात सोडायचा. आम्ल कणांच्या भोवतीचंच तांबं खातं. जिथे फिकं हवं तो भाग लाखेने झाकायचा, उरलेला पुन्हा बुडवायचा. जितका वेळ आम्लात, तितकी छटा गडद. शेवटी छापील प्रतीवर हाताने रंग भरायचा.

वेरूळचं कोडं इथे सुटलं, असं मला वाटतं. खांब, कळस, हत्ती यांना काटेकोर रेघ मिळाली. अनघड कड्याला राळेची दाणेदार छटा. दगड एकच, पण माणसाचा हात कुठवर पोचला ते कागदावर कळू लागलं. नुसत्या रेघांच्या कोरीवकामात कडाही रेघांनीच भरावा लागे, आणि मग देवळाच्या रेघा त्यात हरवत.

वेरूळच्या या छापचित्रांच्या पुस्तकाच्या शीर्षकपानावर वेल्सचं आणि डॅनियलचं नाव आहे. गंगारामचं नाही. वास्तविक त्यानेही मॅलेटसाठी वेरूळची चित्रं काढली होती. त्याची कितीतरी चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेरूळ कागदावर उतरवणाऱ्यांत त्याला मानाची जागा हवीच.

रेघ आणि छटा यांतला हा फरक मुलांना हाताने कळावा म्हणून गोंदिया जिल्ह्यातल्या चित्रकला शिक्षकांना माझी एक विनंती आहे. गोंदियाजवळ नागऱ्याचं दगडी शिवमंदिर आहे, आणि सालेकसा तालुक्यात कचारगडची नैसर्गिक गुहा, जिथे माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. मुलांना दोन्हीकडे न्या. मंदिर टोकदार पेन्सिलीने काढू द्या आणि गुहा कोळशाने.