पोवळ्याची भूक

जळगावच्या सराफ बाजारात पोवळे मागितले तर सराफ तांबडा, गुळगुळीत खडा तळहातावर ठेवतो. मंगळाचा खडा म्हणून तो अंगठीत बसतो. वैद्याकडे गेला तर गुलाबपाण्यात खलून त्याची प्रवाळपिष्टी होते. धुळे-जळगावकडील आपणा लोकांची पोवळ्याशी ओळख ती एवढीच, आणि तीही मेलेल्या पोवळ्याशी. जिवंत पोवळे भुकेलेले असते, त्याला भरवता येते आणि भरवले तर ते वाढते, ही गोष्ट माणसाला कशी उमगली, त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. तो पुष्कळसा काचेच्या भांड्यांतच घडला.

खानदेशाचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. पण सातपुडा आणि नर्मदा ओलांडून बाघला गेले, तर तिथल्या खडकांत सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले जीव सापडतात. त्यांतील एका थराला भूशास्त्रज्ञांनी प्रवाळी चुनखडी असे नावही दिले. मात्र त्यात भरणा आहे तो ब्रायोझोआ नावाच्या निराळ्याच प्राण्यांचा. पोवळ्याच्या बाबतीत शहाणी माणसे फसल्याचे हे एकच उदाहरण नव्हे.

१७०६ साली मार्सिली या इटालियन सरदाराने दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर तांबड्या पोवळ्याची ताजी फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवली. काही वेळाने तिच्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमलली. झाले! पोवळे ही वनस्पती ठरली. पुढे मार्सेयचा वैद्य पेसोनेल याने ही 'फुले' स्पर्श होताच आखडतात हे पाहिले आणि ती फुले नसून प्राणी आहेत, असे सांगितले. पॅरिसच्या अकादमीत रेओम्यूरने १७२७ मध्ये हे मत मांडले, ते पेसोनेलचे नाव गाळून. बिचाऱ्याचे हसे होऊ नये म्हणून! १७४० नंतर ट्रेंब्लेने गोड्या पाण्यातील हायड्रा भक्ष्य पकडताना दाखवला, तेव्हा कुठे रेओम्यूरने माघार घेतली. पेसोनेलने १७५१ मध्ये आपला प्रबंध धाडला तो लंडनच्या रॉयल सोसायटीकडे, पॅरिसकडे नव्हे. त्याचा राग समजण्यासारखा आहे.

पोवळे घरात पाळण्याचा मान मात्र एका गृहिणीकडे जातो. ॲना थिन या बाईंचे यजमान लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत धर्माधिकारी होते. १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावर बाईंना दगडी पोवळी सापडली. प्रवासात हिंदकळून ती दुखावू नयेत म्हणून बाईंनी ती चक्क सुईदोऱ्याने स्पंजाला शिवली आणि बरणीत घालून लंडनला आणली. समुद्राचे ताजे पाणी रोज कोठून मिळणार? म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीपुढे या भांड्यातून त्या भांड्यात ओतण्याची युक्ती त्यांनी काढली, म्हणजे त्यात हवा मिसळावी. हे ओतण्याचे काम मोलकरणीकडे गेले; शास्त्राच्या इतिहासात तिला जागा मिळालेली नाही. पुढच्या वर्षी बाईंनी भांड्यात समुद्रशेवाळ घातले. पोवळी जगली, एवढेच नव्हे तर त्यांना पिल्ले झाली. त्यांची टिपणे १८५९ मध्ये छापली गेली.

थिनबाईंची पोवळी थंड पाण्यातली. ती सर्वस्वी पकडलेल्या भक्ष्यावर जगतात. उष्ण समुद्रात बेटे बांधणाऱ्या पोवळ्यांचा संसार निराळा. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते उन्हात साखर तयार करते आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देते. १९२८-२९ मध्ये यंग यांची तुकडी ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळ-बांधावर वर्षभर राहिली. अंधारात ठेवलेली पोवळी शैवाल बाहेर टाकतात, तरीही खाऊ घातले तर जगतात, असे तिला आढळले. पुढे १९५९ मध्ये थॉमस गोरो यांनी किरणोत्सर्गी कॅल्शियम वापरून दाखवले की, उजेडात पोवळ्याचा सांगाडा कितीतरी वेगाने वाढतो. केळीच्या बागायतदाराला हे नवल वाटू नये. ऊन कितीही असले तरी खताशिवाय घड भरत नाही. तसेच साखर शैवालाची, पण नत्र आणि स्फुरद बरेचसे भक्ष्यातून यावयाचे. केळीचे मुनवे लावावेत तसे पोवळ्याचे तुकडे लावूनही नवी वसाहत उभी राहते.

एवढे कळल्यावर समुद्राचा तुकडा घरात आणणे शक्य झाले. जाकार्ताचे ली चिन एंग यांनी समुद्रातील सजीवांनी भरलेले दगड, हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर टाक्या चालवल्या आणि १९६१ मध्ये ती रीत छापून प्रसिद्ध केली. वाढणारे पोवळे पाण्यातील चुना सतत ओढून घेते. समुद्राच्या एका लिटरात कॅल्शियम सुमारे ४०० मिलिग्रॅमच, तेव्हा टाकीत ते लवकर उणे पडते. १९७० नंतर पीटर विल्केन्स यांनी त्यावर उपाय रूढ केला तो चुन्याच्या निवळीचा. आपल्या पानदानातला चुना येथे कामी आला! दिवा मालवल्यावर पोवळी हात पसरतात, तेव्हा आर्टेमिया या इवल्याशा कोळंबीवर्गीय जीवाची पिल्ले पाण्यात सोडतात. खाणे जास्त झाले की पाणी नासते. सारे कसब त्या हातआखडतेपणात आहे.

मग अशी टाकी जळगावात ठेवावी काय? दगडी पोवळ्यांपुरते उत्तर 'नाही' असेच आहे. २००१ पासून ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. काहींना हा जाच वाटतो. मला वाटत नाही, कारण पोवळ्यांचे मूळ घरच धोक्यात आहे. समुद्र नेहमीच्या उन्हाळ्याहून एखादा अंश अधिक तापून काही आठवडे तसाच राहिला, तरी शैवाल निघून जाते, पोवळे पांढरे पडते आणि उपाशी मरते. १९९८ मध्ये लक्षद्वीपला हेच झाले. महाराष्ट्राची पोवळी मालवणच्या सागरी अभयारण्यात आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेवर आहेत. कान्होजींचे आडनाव मिरवणारे ते उथळ पठार सारे पाण्याखालीच आहे.

काचेच्या भांड्यांत मिळालेली विद्या आता उलट समुद्राकडे निघाली आहे. जानेवारी २०२० मध्ये गुजरातेत मिठापूरच्या किनाऱ्यालगत भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने वनखात्याच्या साहाय्याने लोखंडी सांगाडा पाण्यात उतरवला. त्यातून सौम्य वीजप्रवाह सोडला की समुद्रातील चुना लोखंडावर बसतो, आणि त्या पुटावर तुटलेल्या पोवळ्यांचे तुकडे बांधतात. ही रीत शोधणाऱ्या दोघांपैकी एक, थॉमस गोरो, हे १९५९ च्या त्या गोरोंचे चिरंजीव होत.