धायटी
(धायफूल, सं. धातकी, लॅ. वुडफोर्डिया फ्रुटिकोजा, कुल-लिथ्रेसी). १ ते ३ मीटर उंचीचे, पसरट फांद्यांचे रानझुडूप. नागपूर जिल्ह्यात रामटेक, पेंचकडच्या मुरमाड, उघड्या उतारांवर आढळते. पाने समोरासमोर, पान उलटून पाहिले की खालच्या बाजूस बारीक काळे ठिपके दिसतात. माघ-फाल्गुनात फांद्या तांबड्या, नळीसारख्या फुलांनी गच्च भरतात. नळीच्या बुडाशी मध असतो. त्यासाठी शिंजीर आणि मधमाश्या येतात, पोरेही फुले चोखतात. फूल सुकले तरी लाल नळी फळाभोवती टिकते. फुलांत टॅनिन असून त्यांचा रंगासाठी, तसेच आयुर्वेदात आसव-अरिष्टे आंबवण्यासाठी उपयोग होतो. याच मागणीपायी फांद्या ओरबाडल्या जातात, हे थांबायला हवे.

बी अगदी बारीक. ते बारीक वाळू मिसळून मातीवर भुरभुरावे, खोल पुरू नये. छाटकलमेही लावतात. पावसाळ्याच्या तोंडी रोपे लावावीत. नागपूरच्या काळ्या जमिनीत पाणी साचते. तेथे मुरूम घालून उंचवटा करावा. मुळे धरल्यावर ४५ अंशांचा उन्हाळाही झुडूप सोसते. बहर सरल्यावरच छाटणी करावी. ओघळींच्या काठी ते माती धरून ठेवते. कुंपणासाठी परदेशी घाणेरीपेक्षा हेच लावणे योग्य.