नात्यातली लग्ने आणि हाडांचा वारसा

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल नांदेड-लातूरकडे जुनी आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातील नातेव्यवस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर-दक्षिणेच्या मधला पट्टा ठरवले. मामेबहीण चालते, आतेबहीण सहसा नाही, असा इथला रिवाज. तेलुगू-कन्नड मुलखात मामा-भाचीचे लग्नही संमत. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबादेत. राज्यांच्या सीमा बदलल्या, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढी असेल तिथे अशा लग्नांना मुभा ठेवली. जमीन घरात राहते, लेक आत्याच्या घरी नांदते, ही त्यामागची कारणे समजण्याजोगी आहेत.

हाडांच्या दृष्टीने मात्र या चालीला एक किंमत आहे. मामे-आते भावंडांच्या अपत्यात कोणत्याही जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता सोळात एक असते, मामा-भाचीच्या अपत्यात आठात एक. त्यामुळे एरवी दडून राहणारे दोष उघड होतात. एलआरपी५ या जनुकाचा हाडांशी असलेला संबंध २००१ मध्ये असाच उघड झाला: दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलांची दृष्टी लहानपणीच जाते, हाडे ठिसूळ होऊन मोडतात, एकच प्रत बिघडलेल्या आईवडिलांची हाडेही काहीशी विरळ असतात.

म्हातारपणी येणारे पोक मात्र या चालीच्या माथी मारणे चूक ठरेल. नेहमीच्या अस्थिविरळतेमागे एकच जनुक नसते. हाडांच्या घनतेशी जोडलेली शेकडो ठिकाणे २०१९ पर्यंत जनुकांत सापडली, आणि प्रत्येकाचा वाटा बारीक. जुळ्यांच्या अभ्यासांतून घनतेतल्या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग आनुवंशिक दिसतो. बाकी आहार, ऊन, कष्ट आणि रजोनिवृत्ती यांचा. म्हणून निदान रक्तातल्या जनुकावरून होत नाही. ते हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीवर होते, आणि तिच्या टी-स्कोअरची उणे २.५ ही सीमा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखली.

आनुवंशिकतेला दवाखान्यात जागा मिळते ती एका साध्या प्रश्नात: आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का? हाड मोडण्याचा धोका मोजणाऱ्या, २००८ पासूनच्या फ्रॅक्स गणितात तो आहे. नात्यातल्या घरात मात्र सुनेला सासूबद्दलही विचारायला हवे. मामेबहिणीशी लग्न झाले असेल तिथे सासू हीच आत्या, म्हणजे वडिलांची सख्खी बहीण असते, आणि तिचा मोडलेला खुबा सुनेच्या माहेरचा इतिहासही सांगतो.