शिंदीचं काय झालं?

मंडळी, या विकांताचा विषय जरा आंबट आहे. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या आसपास 'लँबिक' नावाची बिअर बनते. ती बनवताना यीस्ट घालतच नाहीत. बार्ली आणि गव्हाचा उकळलेला काढा थंडीच्या दिवसांत एका उथळ, पसरट भांड्यात रात्रभर उघडा ठेवतात. हवेतलं, छपरातलं, लाकडातलं जे काही यीस्ट आणि जिवाणू असतील ते त्यात उतरतात. सकाळी काढा लाकडी पिंपांत भरायचा आणि एक ते तीन वर्षं वाट बघायची. बस्स. विरजण न लावता दही लावण्यासारखाच प्रकार.

या धाटणीची बिअर पुण्यात चाखायला मिळाली. पहिला वास आला तो चक्क गोठ्याचा. ओलं चामडं, भिजलेला कडबा. मग जिभेवर कैरीचा आंबटपणा आणि शेवटी तुरटपणा. टेबलावर एकाचं मत पडलं की ही नासली आहे. दुसरा जाणकार म्हणाला, "ही चव कमवावी लागते, आपल्याकडे ती परंपराच नाही." ते वाक्य मला पटलं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडं शास्त्र. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं. तेव्हापासून जगभरची बिअर स्वच्छ आणि एकसारखी होत गेली. रानटी यीस्ट म्हणजे शत्रू, असा सगळा मामला. गंमत म्हणजे त्याच कार्ल्सबर्गमध्ये १९०४ मध्ये क्लॉसन नावाच्या शास्त्रज्ञाने इंग्लिश बिअरमधलं एक वेगळं यीस्ट ओळखलं आणि त्याला नाव दिलं ब्रेटॅनोमायसीस, म्हणजे 'ब्रिटिश बुरशी'. गोठ्याचा वास येतो तो याच महाशयांमुळे. आंबटपणा मात्र लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचा, म्हणजे आपल्या दह्याच्या भाऊबंदांचा.

आता आपल्याकडे या. कोकणात ताड-माड, तशी देशावर शिंदी. शिंदी म्हणजे रानखजूर. ओढ्याकाठी, नदीकाठी आपोआप उगवणारं झाड. शेंड्याजवळ खाच पाडून मडकं बांधायचं. रात्रभर रस ठिबकतो. पहाटे तो गोड असतो, ती नीरा. ऊन चढलं की रस फसफसायला लागतो, दुपारपर्यंत आंबट होतो आणि त्याची 'शिंदी' होते. झाडाचंही नाव तेच आणि पेयाचंही. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलीत तर व्हिनेगरच्या वाटेला लागते. यात यीस्ट कोण घालतं? कुणीच नाही. यीस्ट, लॅक्टिक जिवाणू आणि झायमोमोनास नावाचा साखरेपासून अल्कोहोल करणारा एक जिवाणू, हे सगळे बिनबोलावता येतात. शिवाय कालच्या मडक्यात उरलेला थर आजच्या रसाला विरजण ठरतो. बेल्जियममधली जुनी पिंपं नेमकं हेच काम करतात.

दोन्हीची चव हुबेहूब एक असं मी म्हणत नाही. ब्रेटॅनोमायसीस सावकाश काम करतं, शिंदीत त्याला तेवढी सवडच मिळत नाही. पण तत्त्व तेच. साखर असलेला रस, उघडी हवा, आणि माणसाने फारशी ढवळाढवळ न करणं.

मग प्रश्न असा की, लँबिकला १९९० च्या दशकात युरोपीय संघाने पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिलं, आणि आमच्या नगर जिल्ह्यात माझ्या वयाच्या किती जणांना शिंदीची चव माहीत आहे? झालं काय मधल्या काळात?

झालं ते कायद्यांमुळे, आणि टप्प्याटप्प्याने. १८७८ मध्ये मुंबई इलाख्यात आबकारी कायदा आला. रस काढायला परवाना लागू झाला, रस काढायच्या झाडावर कर बसला, आणि गाळलेली दारू मोठ्या भट्ट्यांत एकवटण्याकडे सरकारचा कल झाला. साहजिकच आहे. ओढ्याकाठच्या हजार झाडांवर लक्ष ठेवण्यापेक्षा एका कारखान्याच्या दारात शिपाई बसवणं सोपं. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांवर कायदा आला. फुलावर!

दुसरीकडे दारूविरोधी विचारही जोर धरत होता, आणि तो पोकळ नव्हता. महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दुकानांसमोर निदर्शनं झाली. महसूल सरकारचा आणि वाटोळं रयतेचं, हा हिशोब दोघांनाही दिसत होता. १९३० मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून सुरत जिल्ह्यात लोकांनी ताडीची झाडंच तोडली. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० मध्ये सगळ्या राज्यात पूर्ण दारूबंदी लागू झाली. त्या कायद्यात 'मद्य' या शब्दाची व्याख्या बघण्यासारखी आहे. स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सगळे द्रव. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात औषधं आणि प्रसाधनं त्यातून सोडवली. ताडी मात्र आतच राहिली.

आता जरा इंजिनियरच्या नजरेतून बघू. बंदी आली की मागणी शून्य होत नाही, पण पुरवठ्याच्या अटी बदलतात. आता माल लपवता आला पाहिजे, लवकर हलवता आला पाहिजे, आणि कमी जागेत जास्त नशा मावली पाहिजे. या तिन्ही परीक्षांत शिंदी नापास. झाडावर चढलेला माणूस अर्ध्या गावाला दिसतो. रस दुसऱ्या दिवशी टिकत नाही. आणि नशा बिअरइतकीच. याउलट गूळ-पाण्याचं पिंप ओढ्याच्या कडेला पुरून ठेवता येतं, आणि गाळून निघणारी दारू एका कॅनमध्ये मावते. अमेरिकेत १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत हेच झालं. बिअर मागे पडली, कडक दारू पुढे आली.

नगर जिल्ह्यात तर कच्चा माल दारातच होता. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस फोफावला. १९५० मध्ये लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसामुळे जिल्ह्याचं भलं झालं यात शंका नाही. पण गूळ आणि मळी यांचीही कमी राहिली नाही. हातभट्टीच्या रसायनात गुळासोबत नवसागर का टाकतात, माहीत आहे? गुळाच्या पाण्यात यीस्टला नायट्रोजन कमी पडतो, आणि नवसागरात, म्हणजे अमोनियम क्लोराइडमध्ये, तो असतो. म्हणजे इथेही आंबवणं आहेच. पण आता ते चवीसाठी नाही. आंबलेलं रसायन कुणी पीत नाही, ते फक्त भट्टीवर चढवायचं इंधन. चव नावाची गोष्टच हिशोबातून गेली.

या बदलाची किंमत कुणी मोजली, ते पारनेर तालुक्यात विचारावं. १९७५ च्या सुमारास अण्णा हजारे राळेगणसिद्धीला परतले तेव्हा दुष्काळी गावात तीस-चाळीस भट्ट्या होत्या, असं सांगतात. यादवबाबांच्या देवळाचं लाकूडही म्हणे भट्टीखाली गेलं. भट्ट्या बंद झाल्या, पण पिणाऱ्याला खांबाला बांधून मारण्याचा प्रकारही तिथे झाला. तो मला आजही पटत नाही. तरी एवढं कळतं की ज्या घरात मजुरीचे पैसे संध्याकाळी भट्टीवर जात होते, तिथल्या बाईला 'रानटी यीस्टचा वारसा' वगैरे ऐकवणं क्रूरपणा आहे. आणि हे सगळं जुनंही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये, ऐन जिल्हा परिषद निवडणुकीच्या धामधुमीत, नगर तालुक्यातल्या पांगरमलला बनावट दारूने माणसं मेली.

म्हणून शिंदी परत आणा, असा माझा नारा नाही. शिंदी पिऊनही संसार बुडत असणारच. म्हणणं एवढंच की 'आपल्याकडे ती परंपराच नाही' हे खोटं आहे. परंपरा होती. आधी तिच्यावर कर बसला, मग सुधारकांनी आणि कायद्याने तिला आणि कडक दारूला एकाच तराजूत तोललं, आणि त्या तराजूत सौम्य होती ती हरली, जहाल होती ती लपून टिकली. आंबवलेलं आणि गाळलेलं यांतला फरक लँबिकवाल्यांना जपता आला. आपल्याकडे तो आता फक्त भाषेत उरलाय. अजूनही आपण 'दारू गाळतात' असं म्हणतो, पण शिंदी मात्र 'काढतात'.

बाकी रानटी यीस्टचं काही अडलेलं नाही. त्याला परवाना लागत नाही. उद्या सकाळी इडलीच्या पिठाचं झाकण उघडाल, तेव्हा ते हजर असेलच :)