गांधीसागर तलाव : नौकाविहार आणि मासेमारीची वाट

नागपुरात धंतोलीच्या पूर्वेस, रेल्वेमार्गापलीकडे असलेला दगडी भिंतींचा, आयताकृती तलाव. जुनी नावे जुम्मा तलाव व शुक्रवारी तलाव. गोंड राजा चांद सुलतान याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात शहराला पाणी मिळावे म्हणून तो बांधवला. जमशेटजी टाटांनी जवळचीच दलदलीची जागा घेऊन १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. मग या पाण्यावर हक्क कुणाचा? पाणचक्की फिरवण्यासाठी ओढा अडवून केलेले तळे बहुधा गिरणीमालकाचे असते आणि तिथे नाव घालायची की गळ टाकायचा, हे तोच ठरवतो. इथे उलटे आहे. एम्प्रेस मिल वाफेवर चालली आणि तलाव तिच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचा. गिरणी आली नि गेली, तरी पाण्यावरचा शहराचा हक्क तिच्यामुळे सुरू झाला नव्हता, म्हणून तिच्याबरोबर संपतही नाही. नद्या, तलाव यांसारख्या संपत्तीचे शासन केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात (१९९६) मान्य केले आहे.

नौकाविहार आणि मासेमारी यांना एकमेकांचे वैरी मानून एकाला ठेवायचे, दुसऱ्याला हटवायचे, असा शहरी सौंदर्यीकरणाचा कल असतो, आणि हटतो बहुधा ढीवर, म्हणजे मासेमार. तिकीट काढून बोटीत बसणाऱ्याला धक्का बांधून मिळतो. डोंगा किंवा ट्रकची फुगवलेली ट्यूब घेऊन जाळे टाकणाऱ्याला कठड्यातून उतरायला पायरीही राहत नाही. हे अन्यायाचे आहेच, शिवाय तलावाच्याही मुळावर येणारे आहे. सांडपाण्याने शेवाळ माजले की रात्री पाण्यातला प्राणवायू खाली जातो आणि पहाटे रोहू, कतला तोंड वर काढून श्वास घेऊ लागतात. ते दृश्य बोटीचे तिकीटघर उघडण्याच्या कितीतरी आधीचे; पहाटे जाळे काढायला येणाऱ्यालाच ते दिसते. त्याला काठाबाहेर घालवले, तर पुढची खबर मेलेल्या माशांच्या खचातूनच लागायची.

यावर पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. तो रास्त आहे. भरवस्तीतल्या खोल पाण्याला कठडा हवाच. पण कठड्यात फाटक ठेवता येते, जीवरक्षक नेमता येतो, आणि पाण्याची नस ओळखणारा माणूस काठावर असणे हीच मोठी राखण आहे. दुसरा आक्षेप, जाळी वल्ह्यांत अडकतात. ही अडचण वेळा वाटून सुटते : पहाट जाळ्यांची, संध्याकाळ बोटींची. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नाल्याचे पाणी मिसळलेल्या तलावातला मासा खावा का? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मत्स्यसंवर्धनाच्या पाण्यात लिटरला किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. ही अट पुरी झाली म्हणजे मासा खाण्यालायक झाला असे नाही. त्यासाठी माशांची वेगळी तपासणी हवी आणि ती होईपर्यंत विक्री थांबवणे योग्यच. मात्र थांबवायची ती विक्री, हक्क नव्हे. नाला ज्यांनी सोडला त्यांना मोकळे ठेवून पोट ज्यांचे पाण्यावर आहे त्यांनाच बंदी घालणे, हा प्रदूषणावरचा उपाय ठरत नाही. बोट चालवण्याचे कंत्राट देताना मासेमारांची उतरण, जाळी वाळवण्याची जागा आणि पाण्याच्या तपासणीचे जाहीर आकडे या तिन्ही गोष्टी त्याच करारात लिहून घेतल्या पाहिजेत.