पुरलेली लेखणी : करामोजातील गुरांची लूट आणि विकासाचा प्रश्न

गावोगावच्या वेशीवर शेंदूर फासलेले वीरगळ मी लहानपणापासून पाहत आलो आहे. खालच्या चौकटीत गुरे आणि झुंज, त्यावर अप्सरांसोबत स्वर्गाला निघालेला वीर, शेवटी शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गोधन सोडवताना पडलेल्या माणसाला समाजाने दिलेला हा मान. या दगडांची टिपणे काढताना एक प्रश्न मनात घर करून राहिला. जिथे गुरांची लूट अजून इतिहासजमा झालेली नाही, तिथे ती गावाच्या घडणीचे काय करते? त्याच्या मागे वाचत वाचत मी युगांडाच्या ईशान्येकडील करामोजापर्यंत पोहोचलो.

सुमारे २७ हजार चौरस किलोमीटरचा हा प्रदेश केनियातील तुर्कानाला लागून आहे. पाऊस बेभरवशाचा. बायका कायमच्या वस्तीवर ज्वारी पिकवतात, तरुण पोरे कोरड्या दिवसांत कळप घेऊन पाण्यामागे फिरतात. गाय म्हणजे दूध, वधूमूल्य आणि अडीनडीची ठेव. दुष्काळाने किंवा रोगाने कळप बसला, की शेजारच्या टोळीची गुरे हाकून आणायची, ही जुनी रीत. त्यात माणसे मरत, हे विसरू नये. पण हत्यार भाल्याचे होते, वडीलधाऱ्यांचा धाक होता, आणि लुटलेली गाय त्याच कुरणांत राहत असे. ती परत आणता येई, तिच्यावरून तडजोडही होई.

हा तोल बाहेरून ढळला. हस्तिदंताच्या व्यापाऱ्यांनी उत्तरेकडून बंदुका आणल्या. इंग्रजांनी १९११मध्ये लष्करी अंमल बसवला आणि परवान्याशिवाय प्रवेश बंद केला. शांतता राखणे एवढेच धोरण. रस्ते, शाळा, बाजार मागे पडले. १९२६मध्ये रुडॉल्फ प्रांत केनियाकडे गेला आणि चराईच्या वाटांवर सरहद्द आली. लेखणी म्हणजे कर आणि सक्तीची भरती यांच्या नोंदी करणारे हत्यार, असे लोकांना वाटे. म्हणून वडीलधाऱ्यांनी विधिपूर्वक लेखणी पुरून तिला शाप दिल्याची हकीकत सांगतात. शिक्षणाविषयीचा हा राग अडाणीपणाचा नव्हता, अनुभवाचा होता.

१९७९मध्ये इदी अमीनची सत्ता कोसळली आणि मोरोटोच्या बराकीतील शस्त्रागार लुटले गेले. हजारो बंदुका गुराख्यांच्या हाती आल्या. पाठोपाठ १९८०चा दुष्काळ. अवर्षण, लुटालूट आणि कोलमडलेले प्रशासन यांचा घाला एकदमच पडला. त्या वेळच्या एका वैद्यकीय पाहणीनुसार वर्षभरात सुमारे २१ टक्के लोक दगावले. तान्ह्या मुलांत हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास होते. ज्यांची गुरे गेली त्यांच्याकडे धान्य विकत घ्यायला काहीच उरले नव्हते.

लूट विकासाला कशी खाते, हे इथे उलगडते. दोन टोळ्यांमधले चांगले कुरण भीतीपोटी ओस पडते आणि वस्तीजवळची जमीन गुरांच्या गर्दीने उजाड होते. आठवडी बाजार बसत नाही. शिक्षक टिकत नाहीत. कळप मोठा केला तर तो उद्या जाईल, म्हणून कोणी त्यात भर घालत नाही. पुढे तर लुटीची गुरे ट्रकमध्ये घालून शहराच्या कत्तलखान्याकडे जाऊ लागली. एकदा गेलेली गाय परत येण्याची वाटच बंद झाली. तडजोडीला काही उरले नाही आणि वडीलधाऱ्यांचा शब्दही पोकळ झाला.

सरकारने २००१पासून आणि पुन्हा २००६पासून निःशस्त्रीकरण केले. दुसऱ्या मोहिमेत लष्कराने वस्त्या वेढून झडत्या घेतल्या. मारहाणीचे आणि छळाचे आरोप झाले. बंदूक आधी दिली त्याची गुरे बंदूक न दिलेल्या शेजाऱ्याने नेली, असेही घडले. मग गुरे लष्करी तळाशेजारी कोंडली गेली. राखण मिळाली, पण हिंडून चरणारा कळप एका जागी अडकला. काही वर्षे शांततेची गेली. २०१९नंतर लूट पुन्हा वाढली.

म्हणून ‘लुटीमुळे मागासलेपण’ हे सरकारी सूत्र मला अर्धेच खरे वाटते. उपेक्षेने लूट पोसली आणि लुटीच्या नावाखाली उपेक्षा चालू राहिली.

याच्या विरुद्ध दोन घटना मला मोलाच्या वाटतात. १९७३मध्ये तुर्काना आणि करामोजातील मथेनिको यांनी लोकिरियामा येथे हत्यारे पुरून तह केला. दोन देशांच्या सरहद्दीवरचा हा तह तिथल्या माणसांनी आपल्या रीतीने केला, आणि अलीकडे तिथे त्याच्या स्मरणाचा मेळावा भरतो. दुसरी घटना १९९५ची. पुरलेली लेखणी समारंभाने पुन्हा वर काढण्यात आली. १९९८पासून गुरे राखणाऱ्या मुलांसाठी सकाळ-संध्याकाळ झाडाखाली वर्ग सुरू झाले. मुलाने कळप सोडून शाळेत यावे, हा हट्ट सोडून शाळाच कळपाच्या वेळेला आली.

आता वीरगळासमोर उभा राहिलो की खालच्या चौकटीकडे नजर जास्त वेळ थांबते. वीर स्वर्गाला गेला. त्या गुरांचे आणि त्याच्या मागे राहिलेल्या घराचे पुढे काय झाले, हे दगडावर कोरलेले नाही.